मामी आंबील प्यायल्या त्या दुपारी

या भुताखेतांच्या सदरातली पांढरी साडी, पैंजण आणि सुनसान रस्त्यावर बंद पडलेली स्कूटर मी दर वेळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हसतो. मी असा माणूस. मिलमध्ये वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. खात्यातले लोक ज्या कोपऱ्याकडे जायला घाबरत, तिथे बसून मी डबा खाल्ला, वर डुलकीही काढली. घाबरतो तो फक्त पालीला, पण ते वेगळं प्रकरण. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही मी 'विश्वास' हा शब्द वापरणार नाही. फक्त एक दुपार अशी आहे की तिचं काय करायचं ते मला कळत नाही. ती आठवली की भीती वाटत नाही... राग येतो.

नागपूर, साल पंचाहत्तरच्या आसपासचं. सक्करदऱ्याच्या पुढे, उमरेड रोडच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. समोर बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, त्यातच मोरी. येण्याजाण्याचं दार एकच, समोरचं. घरात मी, बायको कुसुम — ती टेलिफोनवर ऑपरेटर, सकाळची ड्यूटी — आमची दहा वर्षांची बेबी, आणि कुसुमची आई.

सासूबाईंना मी मामी म्हणायचो. त्यांचं माहेर उमरेडचं, दिलं होतं भिवापूरला. तिथे त्यांच्या मुलाचा, दामूभाऊचा, मिरचीचा धंदा आणि ऐसपैस घर. मामी विसरायला लागल्या, चूल पेटवून निघून जायला लागल्या, भलत्याच घरी जाऊन भाकरी थापायला लागल्या, तसा एक दिवस दामूभाऊ त्यांना एस.टी.त घालून आमच्याकडे घेऊन आला.

"चार दिवस ठेवा जी, जरा डॉक्टरले दाखवा," म्हणाला, गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि चहाही न पिता परतीच्या बसला पळाला. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे, औषध नाही. सांभाळा." म्हणायला काय जातं! सांभाळायचं म्हणजे काय, तर काडेपेटी फळीवर, विळी गादीखाली, दाराला वरची कडी. माझ्या मिलच्या बुटात मामींनी एकदा तुरीची डाळ भिजत घातली होती, चांगली धुऊन. आंघोळ कुसुम घालायची. पण ती ड्यूटीवर असताना लुगडं ओलं झालं तर ते मीच बदलायचं. ज्या बाईनं बारा वर्षांत माझ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचं! पहिल्यांदा मी लाजेनं डोळे मिटून लुगडं नेसवलं. डोळे उघडले तर पदर पायाशी आणि निऱ्या खांद्यावर. मामी म्हणाल्या, "जवाईबापू, तुम्ही राहू द्या जी." पण राहू देऊन भागणार होतं का?

हेही जमलं. अडलं ते जेवणावर.

आमच्याकडच्या जुन्या बायकांचा नियम होता — लेकीला लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचा घासच काय, पाणीही घ्यायचं नाही. बेबी झाल्यावर मामी आमच्याकडे कितीदा तरी जेवल्या होत्या. पण आता डोक्यातली वर्षं पुसत पुसत गेली, त्यात बेबीही पुसली गेली. कुसुम पुन्हा नवी नवरी झाली आणि तो जुना नियम जसाच्या तसा परत आला. मुलांची नावं गेली, नवऱ्याचं मरण गेलं, नियम काही गेला नाही.

"मामी, जेवून घ्या."

"नाही जी. लेकीच्या घरी जेवाव काय? लगन होऊन वर्ष नाही झालं तिचं. लेकरू होऊ द्या, मंग जेवीन."

कुसुम बेबीला पुढे ढकलायची. "हे काय मंग? हे लेकरू नाही दिसत तुले?"

मामी बेबीच्या गालावरून हात फिरवायच्या. "मोठी गोड हाय वं. कोणाची हाय?"

"आजी, मी तुझी नात!"

"असं नको बोलू बाई. लोक हासतीन."

आम्ही काय नाही केलं! मी खांद्यावर टॉवेल टाकून खानावळवाला झालो, "बोला बाई, काय आणू?" दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "खानावळीत बाईमाणूस जेवते काय, बेशरम!" मग सांगितलं, हे तुमचंच भिवापूरचं घर. त्यांनी घरभर विहीर शोधली, सापडली नाही, तशा ओट्यावर जाऊन बसल्या. पाणी चालायचं, कारण नळ सरकारचा. दूध गवळ्यानं स्वतःच्या हातानं त्यांच्या पेल्यात ओतलं तर घ्यायच्या, कारण ते गवळ्याचं. आमच्या पातेल्यात आलं की ते जावयाचं झालं! त्या पेलाभर दुधावर बाई जगत होती. हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टरांनी नाडी पाहून मला बाहेर बोलावलं. "पोटात अन्न गेलं नाही तर हा उन्हाळा निघणार नाही."

कुसुमनं भिवापूरला ट्रंककॉल लावला. "दादा, आईले घरी ने. पोराच्या घरचं तरी खाईन ते. मरून राहिली इथं."

"आता सीझन हाय वं मिरचीचा," पलीकडून दामूभाऊ. "तू भरव न. तू लेक हाय न तिची?"

"लेक हाय म्हणूनच तं खाऊन नाही राहिली!" कुसुम ओरडली आणि फोन आपटला. त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "मले त्याची मान मुरगाळाविशी वाटून राहिली." मी म्हटलं, मी पाय धरून ठेवतो.

तर ती दुपार. मे महिना, बाहेर लू चाललेली. बेबी सुटीत खाप्याला माझ्या बहिणीकडे, कुसुम ड्यूटीवर. मी रात्रपाळी करून आलो होतो. मामींना भिंतीशी चटईवर बसवलं, दाराची वरची कडी घातली, दाराला आडवी खाट टाकली आणि तिच्यावर पडलो. मला ओलांडल्याशिवाय कोणी आत येणार नाही की बाहेर जाणार नाही. एकुलत्या खिडकीला खसची, म्हणजे वाळ्याची ताटी ठोकलेली, खिळ्यांनी, मीच ठोकलेली. एक खिळा अंगठ्यातही गेला होता.

जाग आली ती वासानं. आंबूस... आणि वर लसणाची फोडणी.

उठून पाहतो तर मामी पाय पसरून बसलेल्या, पदर खांद्यावर पडलेला, हनुवटीवरून पांढरट ओघळ. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, हिरवागार, ताजा. तळाशी ज्वारीच्या आंबिलीचा थर. तो त्या बोटानं चाटत होत्या.

"मामी! हे कोणं देल्लं?"

त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. पदर न ओढता, पहिल्यांदाच. "मायनं."

"कुसुमनं?"

"कुसुम कशी माह्यी माय होईन जी? माह्या मायनं." मग मंद पोराला समजवावं तसं हळूहळू म्हणाल्या, "म्हणे, खाय पोरी. तुह्या लेकीले लेकरू झालं. आता तिच्या घरचं चालते." आणि रिकामा द्रोण माझ्यापुढे धरला. "आनखी हाय काय?"

माझ्या अंगावर काटा आला. हसायचं असेल तर हसा, मीही तेच करायचो. कडी जागेवर. ताटीचे खिळे जागेवर. स्वयंपाकघरात प्रत्येक डबा उघडला. ज्वारीचं पीठ आमच्याकडे नव्हतंच, आम्ही पोळी-भातवाले. कुठलं भांडं खरकटं नाही, चूल थंड.

कुसुम आली. तिनं आईचा हात हुंगला, मग द्रोण हुंगला. मी विचारलं, "तुझी आजी करायची का अशी आंबील?"

"मले काय माहीत? मी पाहिलंच नाही तिले. आई लहान होती तेव्हाच गेली ते."

म्हणजे त्या बाईला कुसुम माहीत असायचं कारण नाही, मग कुसुमचं लेकरू कुठून?

शेजारच्या राऊतबाईंना जाऊन विचारलं. त्या उखडल्या. "मी काहून देईन गा? अन् कुठून देईन, तुह्या छातीवर पाय देऊन?" परत आलो तर कुसुमनं द्रोण बाहेर फेकून दिलेला, आणि कोणाच्या तरी गायीनं तो खाल्लेला. मी चिडलो. ती म्हणाली, "उष्टा द्रोण कोण जपून ठेवते जी?" माझ्याजवळ पुरावा नाही तो यामुळे.

त्या संध्याकाळी मामी वरण-भात जेवल्या. कुसुमच्या हातानं, आमच्या ताटात. दुसऱ्या दिवशी मी भीतभीत विचारलं, "मामी, जेवता न?" त्यांनी पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "द्या जी." त्यानंतर एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. बेबी कोण ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आत्ता प्यालेला चहा विसरून पुन्हा चहा मागणाऱ्या बाईला ते एकच वाक्य कसं लक्षात राहिलं? द्रोणापेक्षा मला हे जास्त छळतं.

आता रागाचं सांगतो. कुसुमनं आनंदाच्या भरात भिवापूरला पुन्हा फोन केला. आठवडा उलटायच्या आत दामूभाऊ हजर. मिरचीचा सीझन गेला कुठे कोण जाणे! सोबत कुसुमच्या आत्याबाई, चार-पाच भाऊबंद, हार आणि नारळ. आमच्याच उंबऱ्यावर त्यानं नारळ फोडला, आईपुढे लोटांगण घातलं आणि डोळे पुसत म्हणाला, "आजी आली होती! आता चिंता नाही. वरून लक्ष हाय तिच्यावर."

मी म्हटलं, "मग आता जेवतात मामी. न्या भिवापूरला. चार महिने तुम्ही, चार महिने आम्ही."

"न्यायले काय हाय जी," दामूभाऊ म्हणाला. "पण मी नेलं आन् आजीले रस्ता नाही सापडला तं?"

माझं डोकं फिरलं. "दामूभाऊ, तुमची आजी उमरेडची. उमरेडवरून भिवापूर जवळ की नागपूर? वारल्यावर जिला सक्करदऱ्यातली कवेलूची खोली सापडली, तिला भिवापूर सापडणार नाही?"

तेवढ्यात मामींचं लुगडं ओलं झालं. चटईवर ओघळ आला. मंडळी पाय आखडून मागे सरकली. दामूभाऊचे हात अजून जोडलेलेच.

"हात जोडू नका," मी म्हटलं, "हात लावा. लुगडं बदलायचं आहे."

"हे तं बाईमाणसाचं काम हाय न जी..."

"मग मी कोण दिसून राहिलो तुमाले?"

आत्याबाई म्हणाल्या, "जवाईबापू, सणासुदीसारखा दिवस, असं बोलत नाहीत." त्याही उठल्या नाहीत. कुसुम आत गेली, बादली घेऊन आली आणि भावाच्या पायाशी आपटली. दामूभाऊला बसची वेळ आठवली. मी नारळाची कवटी उचलून त्याच्यामागे फेकली. नेम चुकला, राऊतबाईंच्या कोंबडीला लागली. कोंबडी वाचली, दामूभाऊही वाचला.

मामी त्यानंतर दोन उन्हाळे पोटभर जेवून गेल्या. तेरवीला दामूभाऊनं आंबिलीची गोष्ट अशी रंगवून सांगितली की जणू कडी त्यानंच घातली होती. पंगतीतले लोक माझ्याकडे यायचे, "तुम्ही सोता पाहिलं म्हणे जी?" कुसुम शेजारीच वाढत होती. तिच्या हातांची साल धुण्याच्या सोड्यानं निघालेली. तिला कोणी काही विचारलं नाही.

मी पुष्कळ डोकं चालवलं आहे. झोपेत उठून मीच कडी काढली असेन? असेल. पण झोपेत आंबील करण्याइतका मी गुणी नाही, जागेपणीही नाही. मामींच्या भुकेल्या डोक्याचा खेळ? मग द्रोण मला कसा दिसला? मला उत्तर सापडलेलं नाही. आणि स्पष्टच लिहितो, जी कोण आली होती तिच्यावरही मी रागावलेलो आहे. उपकार मोठे, नाकारत नाही. पण बाई, एवढी कडी-ताटी ओलांडून आलीस, तर नंतरच्या दोन वर्षांत एखाद्या दुपारी पुन्हा यायचं होतंस की. कुसुमला तासभर पाठ टेकता आली असती.

लोक अजूनही विचारतात, आंबील कोणी आणली? मला माहीत नाही. लुगडी कोणी धुतली ते विचारा, ते सांगतो.