पाळण्याजवळची वायर

लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढून दाखवणारी बाई — शाळेत माझी ओळख हीच. सुरीला आधीच मिथिल ऑरेंज लावून ठेवायचं, लिंबाचा रस लागला की लालभडक! आठवीची पोरं किंचाळतात, मग मी युक्ती फोडते. बारा वर्षं साताऱ्यात विज्ञान शिकवतेय. करणी, नजर, झपाटलेली झाडं... कुणी माझ्यापुढे विषय काढला की मी त्याला सोलून काढते. सासरच्या माणसांनी तर माझ्यादेखत नजर उतरवणंही सोडून दिलंय. त्यामुळे हे इथं लिहिताना हात आखडतोय. पण वर्षभर पोटात ठेवून झालं, आता राहवत नाही.

माझं माहेर मिरजेचं. अब्बा तंबोरे करायचे. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत कारखाना, मागे आम्ही. गच्चीवर वाळत घातलेले भोपळे, खाली लाकडाचा भुसा, आणि तारा. अब्बा तसे मऊ माणूस, पण एका बाबतीत फार कडक होते. घरात उघडी तार दिसता कामा नये. वीतभर तुकडा उरला तरी तो बोटांवर गुंडाळायचा, टोकाचे साडेतीन वेढे त्याच गुंडाळीवर घट्ट मारायचे आणि डोक्याच्याही वर मारलेल्या खिळ्याला अडकवायचा. तार कापली की टोक आत दुमडायचं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. एकदा मी शाळेतून आणलेली साधी सुतळी जमिनीवर टाकली होती, तर जेवण सोडून उठले आणि तीही गुंडाळून खिळ्याला लावली. आम्ही हसायचो. अम्मी मात्र कधी हसायची नाही, हे मला आत्ता आठवतंय.

मला मूल व्हायला नऊ वर्षं लागली. मधे दोनदा राहिलं आणि गेलं. तिसऱ्या वेळी सातवा महिना सरला तेव्हा अब्बांनी तंबोऱ्याच्या दांडीसाठी आणलेलं तुणीचं लाकूड बाजूला काढलं आणि पाळणा केला. स्टँडसकट. तो पुरा झाला आणि पंधरा दिवसांत अब्बा गेले. त्यांनी झोयाला पाहिलं नाही.

झोया सात महिन्यांची झाल्यावर माझी रजा संपली. नवरा इम्रान लोणंदच्या एका कंपनीत, सकाळी सातला घर सोडतो. म्हणून अम्मी मिरजेहून साताऱ्याला राहायला आली. आता अम्मीला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही, उजव्यानं अर्धवट. इम्रानने त्यावर उपाय म्हणून बेबी मॉनिटर आणला. एक डबी पाळण्याजवळ ठेवायची, दुसरी अम्मीजवळ. बाळ रडलं की अम्मीजवळच्या डबीचे दिवे लागतात, ती थरथरते. पाळण्याजवळच्या डबीला मात्र सतत वायर लावून ठेवावी लागायची.

मी ती डबी पाळण्याच्या स्टँडवर, वरच्या दांडीला क्लिपने लावली. पाळणा असलेल्या बेडरूममधला प्लग कपाटामागे गेलाय, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड दाराशी जमिनीवर. म्हणजे वायर दांडीवरून स्टँडच्या कडेनं खाली आणि फरशीवरून दारापर्यंत. पांढरी वायर. पाळण्याची दोरीही पांढरी, तीही दारापर्यंतच येते, कारण अम्मी दाराशी स्टूलवर बसून गवार मोडता मोडता एका हाताने दोरी ओढते. मॉनिटरच्या खोक्यात एक पत्रक होतं. त्यात पहिल्याच पानावर, चौकटीत, वायर पाळण्यापासून किमान तीन फूट लांब ठेवा असं लिहिलेलं होतं. विज्ञानाच्या बाईंनी ते वाचलं नाही. खोकं माळ्यावर टाकलं.

पहिल्या आठवड्यातच एक दिवस मी शाळेतून आले तर मॉनिटर बंद. वायर डबीपासून काढलेली, नीट गुंडाळलेली, आणि खिडकीच्या वर पडद्याच्या हुकाला अडकवलेली. टोकाला साडेतीन वेढे. मला वाटलं, अम्मीने सवयीनं केलं असणार.

"अम्मी, वायर काढत जाऊ नकोस. मॉनिटर बंद पडतो."

"म्या हात न्हाई लावला गं."

"मग कुणी लावला? झोयाने?"

अम्मी गुंडाळीकडे बघत राहिली आणि मग आत जाऊन चहा टाकला.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. पडद्याचा हुक इतका उंच आहे की मला स्टूल लागतं, आणि अम्मी माझ्याहून चार बोटं बुटकी. पण मी तेही मनातल्या मनात सोडवून टाकलं — चढत असेल स्टूलवर. या वयात, एकटीने, मूल घरात असताना! माझं डोकंच फिरलं.

तरी मी शिस्तीत प्रयोग केला. रविवारी अम्मीला इम्रानबरोबर बाजारात पाठवलं, झोयाला हॉलमध्ये सतरंजीवर ठेवलं, वायर होती तशी लावून खोलीचं दार ओढून घेतलं. दोन तास. काही झालं नाही. मग झोयाला पाळण्यात झोपवलं आणि दार ओढून बाहेर भांडी लावत बसले. वीस मिनिटांनी आत गेले तर वायर हुकाला. घरात मी आणि झोया, तिसरं कुणी नाही. तुम्ही म्हणाल, तिथंच तुला कळायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मीच केलं असणार. अब्बांच्या हाताखाली वाढलेय, झोप पुरी होत नाही, हात आपोआप चालला असेल. हे मी स्वतःला पटवलंसुद्धा... आणि तरीही सोमवारी परत वायर गुंडाळलेली दिसली तेव्हा ओरडले मात्र अम्मीवर.

"तुला ऐकू येत नाही म्हणून तर हे आणलं! तेच तू बंद करतेस. तुझ्यामुळे माझ्या पोरीला काही झालं तर काय करू मी?"

अम्मीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. ती म्हणाली, "व्हय बेटा. म्याच काढली. आता न्हाई काढणार."

मी जिंकले होते. रात्री इम्रानला म्हणाले, अम्मीला विसरायला होतंय, मिरजेत एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं. तो म्हणाला, "दाखवू की. पण तुमच्या घरात तारा गुंडाळायचा रोग जुनाच आहे, त्याला औषध असेल असं वाटत नाही." मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचे टाय आणले आणि वायर स्टँडला तीन ठिकाणी आवळून टाकली. आता काढ म्हणावं, काय काढायचं ते! वरच्या आणि मधल्या टायमध्ये वायरीचा एक झोल राहिला. पाळण्याच्या बाजूला. तो मला दिसला नाही, असं मी बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे दिसला होता. उद्या नीट करू म्हटलं.

पुढचे तीन दिवस वायर जागच्या जागी राहिली. मी खूष.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी एकच्या सुमारास मी हॉलमध्ये घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. अम्मी बेडरूमच्या दाराशी स्टूलवर, माझ्याकडे पाठ, मांडीवर मेथीची जुडी, दुसरा हात दोरीवर. मी घरात होते म्हणून तिच्याजवळची डबी माझ्याकडे टेबलावर होती. पाळण्याच्या कड्यांची कुरकुर डबीतून ऐकू येत होती. झोया जागी होती, मधेच स्वतःशी काहीतरी बोलत होती. मग तिचं बोलणं थांबलं. झोपली वाटतं, असं मला वाटलं.

आणि डबीतून आवाज आला... टण्ण.

तंबोऱ्याची ताणलेली तार पक्कडीने कापली की जो येतो, तो. लहानपणी रोज ऐकलेला आवाज आहे, त्यात माझी चूक होणार नाही. त्याच क्षणी डबीचा लाल दिवा लागला आणि ती कर्कश बीप-बीप करायला लागली. समोरच्या डबीची वीज गेली की ती तशी ओरडते. मी हातातला पेन टाकून पळाले. अम्मी तेव्हाच वळून म्हणाली, "शाहीन, दोरी हातात आली गं!"

तिच्या हातात दोरी नव्हतीच. दोरी पायाशी पडली होती. तिच्या हातात वायर होती.

झोया पाळण्याच्या कडेला धरून गुडघ्यांवर उभी होती. झोल तिने आत ओढून घेतला होता आणि तो तिच्या डोक्यावरून मानेत गेला होता. एक पुरा वेढा. चेहरा लाल, तोंड उघडं, पण आवाज नाही. वेढा सैल होता. इतका सैल की मी दोन बोटं घालून तो डोक्यावरून काढला आणि ती अशी रडली... तसं रडणं मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने ऐकलं नाही. मानेवर फक्त एक बारीक गुलाबी रेघ होती. डॉक्टरांनी तपासून, सगळं ठीक आहे, असं सांगितलं.

घरी आल्यावर मी वायर बघितली. अम्मी दोरी समजून ओढत होती. झोल आवळला जात होता, वायर टायमधून सरकत होती. आणखी एकदा ओढलं असतं तर... ते वाक्य मला पुरं करायचं नाहीये. पण तिच्या हाताच्या आणि खालच्या टायच्या मधे वायर कापलेली होती. तुटलेली नाही, कापलेली. तिरकी, एका घावात. आणि स्टँडच्या बाजूचं टोक आत दुमडलेलं होतं.

उंदराचा दात असा नसतो. ओढून तुटलेली वायर अशी दिसत नाही, आतले तांब्याचे केस लांबट होऊन बाहेर येतात. घरात पक्कड आहे ती माळ्यावर, हत्यारांच्या पेटीत. मी चढून बघितलं. पेटीवर धूळ होती.

अम्मी भिंतीला टेकून बसली होती. मी ते टोक तिच्यापुढे धरलं. तिने हातात घेऊन दुमडीवरून अंगठा फिरवला.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," मी म्हणाले.

"वेढे बघून वळखलं म्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू मला डाक्टरकडं न्हेलं असतंस."

मला वर बघवेना. मग ती बोलली, सावकाश, मेथीची पानं अजून तशीच भोवती सांडलेली.

"तुझ्या आदी एक पोरगं हुतं आमाला. सलीम. धा म्हैन्याचं. पाळणा कारखान्यातच टांगलेला. एक तार खुंटीवरनं खाली लोंबत ऱ्हायलेली, तुझे अब्बा भोपळा आणाय गेलते. म्या सैपाकघरात बसून दोरी ओढत हुते. लय शांत झोपलाय म्हनून ओढतच ऱ्हायले."

कबरस्तानात अब्बा दर ईदेला एका लहानशा कबरीपाशी उभे राहायचे. मी विचारलं की म्हणायचे, आपल्यातलंच कुणीतरी आहे.

"त्यांनी मला कवा एक शबुद बोलला न्हाई," अम्मी म्हणाली. "दोरी माज्या हातात हुती तरी. नुसत्या तारा गुंडाळत बसले जलमभर."

आणि मी त्या बाईला विचारलं होतं, तुझ्यामुळे माझ्या पोरीला काही झालं तर! मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मेथीचा वास अजून नकोसा होतो मला. त्या दिवशी दुपारी दोरी पुन्हा अम्मीच्या हातात होती, हे मला सारखं आठवतं. तिच्या हातून दुसऱ्यांदा तसं घडलं असतं, तर ती जगली नसती. कुणाला वाचवायला ती तार कापली गेली, झोयाला की अम्मीला, हे मला ठरवता आलेलं नाही.

इम्रान म्हणतो, वायर खराबच असेल, कारखान्यातूनच तशी आली असेल. मी त्याला ते टोक दाखवते. तो बघतो आणि विषय बदलतो. मी स्वतः शंभर उत्तरं मांडून पाहिली, एकही शेवटपर्यंत टिकत नाही. वर्गात असं उत्तरपत्रिकेत आलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

मॉनिटर आता समोरच्या भिंतीजवळच्या कपाटावर आहे, पाळण्यापासून चांगला आठ फूट. वायर कपाटामागून जाते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी बाकी काही मानू नका, पण उठून आधी वायर कुठे आहे ते बघा.

आणि एक कबूल करायचं राहिलं. मधे एकदा मी मुद्दाम एक जुनी चार्जरची वायर पाळण्याजवळ फरशीवर टाकून ठेवली. झोया अम्मीबरोबर मिरजेला गेली होती, पाळणा रिकामा होता. रिकाम्या पाळण्याला काही होत नाही, हे प्रयोगातून मला माहीत होतं. तरी टाकली. दिवसभर दर तासाला जाऊन बघत होते. संध्याकाळी ती होती तशीच पडली होती. मग मीच खाली बसले, बोटांवर ती गुंडाळली, साडेतीन वेढे मारले आणि स्टूलवर चढून हुकाला लावली.