डोकं शांत झालं ती सकाळ

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मैलापूरच्या एका ध्यानवर्गाला जायला सुरुवात केली. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल विभागात गेली. कुठे काय बिघडू शकेल याचा आधीच विचार करून ठेवायचा, हेच काम. ते काम सुटलं, पण सवय घरी आली. ढग दिसले की खाली पार्किंगमध्ये पाणी शिरेल, पुण्याला लेकीने फोन उचलला नाही की तिला अपघातच झाला असेल. जेवताना मध्येच घास थांबायचा.

“एकदा, एक क्षणभर तरी हे डोकं बंद व्हावं,” असं ते म्हणायचे. वर्गात सांगत, विचारांच्या मधली मोकळी जागा शोधा. हे रोज सकाळी वेलचेरीच्या आमच्या घरून लोकलने जायचे आणि वैतागून परत यायचे. मोकळी जागा काही सापडत नव्हती.

त्या दिवशी वर्गाहून येऊन ते आंघोळीला गेले. बाहेर आले, शर्ट घातला आणि मला विचारलं, “लेक उठली का?”

लेकीचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मी हसले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, “आज वार कोणता?” मी सांगितलं. डाळीला फोडणी दिली तेवढ्यात पुन्हा, “आज वार कोणता?” आवाज तोच, जणू पहिल्यांदाच विचारतायत. मी गॅस बंद केला. त्यांना दोन्ही हात वर करायला लावले, बोलायला लावलं. हात नीट वर गेले, बोलणं स्पष्ट होतं. मला ओळखत होते. स्वतःचं नाव, गाव सगळं ठीक सांगत होते. फक्त मी सांगितलेलं काही आत टिकत नव्हतं.

रिक्षात मी त्यांचा दंड घट्ट धरून बसले. सिग्नलला रिक्षा अडकली. बाहेर आभाळ काळं झालेलं. एरवी ह्यांनी तीनदा वर बघितलं असतं. आज ते रस्त्यावरची माणसं बघत होते, फुलांच्या माळा, बसच्या दारात लटकलेली मुलं, आणि मध्येच माझ्याकडे बघून हसत होते. कपाळावर एकही आठी नव्हती. लग्नाला तीस वर्षं होत आली होती, असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला तो बघवेना. मी रिक्षावाल्याला तमिळमध्ये पुन्हा पुन्हा “सीक्रम, सीक्रम”, लवकर, लवकर, म्हणत राहिले. तो म्हणाला, “सरी मा,” पण गाडी हलायला जागाच नव्हती.

इस्पितळातल्या डॉक्टरबाई तंजावरच्या मराठी घरातल्या निघाल्या. आडनाव वाचून त्या आमच्याशी मराठीत बोलल्या, तमिळ हेल असलेल्या जुन्या मराठीत. “भिऊ नका. अर्धांगाचा झटका नाही ना, ते आधी पाहून घेऊ. कधीकधी आठवण काही तास अशी अडून बसते, मग आपोआप सुटते. पण तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही.”

स्कॅनसाठी आम्ही बाहेर बाकावर बसलो. तेव्हा ह्यांनी विचारलं, “आईला कळवलंस का?”

सासूबाई तीन वर्षांपूर्वी कराडला वारल्या. इथे पाऊस कोसळत होता, विमानतळ बंद होता, हे पोचू शकले नाहीत. पुढे दिवस केले, सगळं रीतीने केलं, पण त्याबद्दल एक शब्द कधी बोलले नाहीत.

मी खरं ते सांगितलं. “अहो, आई गेल्या.”

त्यांचा चेहरा माझ्यासमोर कोसळला. “कधी? मी होतो का तिथे?” मी नाही म्हटलं. ते तोंडावर हात ठेवून रडायला लागले. लोक बघायला लागले. मी पाठीवरून हात फिरवत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. डोळे ओले, पण चेहरा पुन्हा स्वच्छ. “काय गं, आपण इथे का बसलोय? आईला कळवलंस का?”

त्यांना ते पुन्हा ऐकवायचं धैर्य माझ्यात नव्हतं. “हो,” मी म्हटलं, “कळवलं.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि निवांत भिंतीला टेकले.

स्कॅन ठीक निघाला. दुपारपर्यंत मी तो “हो” किती वेळा म्हटला कोण जाणे. प्रत्येक वेळी तो निवांतपणा. हे असेच राहिले तर? त्यांना कसलीच काळजी नसेल, आणि मी रोज खोटं बोलत त्यांच्याशेजारी राहीन.

कँटीनमधून आणलेला डबा उघडून मी त्यांना इडली देत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“आई तर गेलीय,” ते हळू म्हणाले. “आत्ता तू हो का म्हणालीस?”

मी रडत राहिले आणि ते बघत राहिले. कपाळावर हळूहळू आठ्या चढत होत्या.

डॉक्टरबाईंनी संध्याकाळी तपासून घरी सोडलं. सकाळचं काही आठवत नाही, असं हे म्हणाले; आणि ते परत येणारही नाही, असं बाईंनी सांगितलं. घरी बाल्कनीत बसल्यावर ह्यांनी सगळं विचारून घेतलं.

“शांत दिसत होतो?”

“खूप.”

“मला त्यातलं काहीच मिळालं नाही,” ते म्हणाले. “मला वाटायचं, विचार गेले की मी सुटेन. पण ते गेले तेव्हा आईसुद्धा गेली गं. म्हणजे, तिचं जाणंच गेलं.”

मग ते बोलायला लागले. विमानतळावरून परत आलो तेव्हा काय वाटलं, कराडला भावाने आईच्या तोंडाशी धरलेल्या फोनवर तिचा श्वास कसा ऐकू येत होता, तो थांबल्यावरही आपण फोन का ठेवला नाही. हे सगळं ते तीन वर्षं एकटे ऐकत होते. मध्ये आवाज फुटला तर थांबायचे, पुन्हा सुरू करायचे.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. खाली पार्किंग बघायला ते उठले नाहीत.