अक्काच्या सॉसातलं मीठ

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या बसमध्येच होतो. एरंडोल नुकतंच मागे पडलं होतं. पिशवीत तिच्यासाठी घेतलेल्या सुक्या लाल मिरच्या होत्या, देठ काढून, निवडून. तिच्या मुलाने, नितीनने, एवढंच सांगितलं, "मामा, आई गेली... तुम्ही सावकाश या." बस काही माझ्यासाठी सावकाश होणार नव्हती आणि लवकरही पोहोचणार नव्हती. पारोळा येईपर्यंत मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसलो होतो. नंतर लक्षात आलं, मिरच्यांचा चुरा झालाय.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन धुळ्याला गेली, पण घरात आणि माझ्याशी अखेरपर्यंत अहिराणीच बोलली. सून वर्षा मात्र शहरात वाढलेली. अक्का अहिराणीत विचारायची, वर्षा मराठीत उत्तर द्यायची आणि दोघींचं काही अडत नसे. ज्या पदार्थाबद्दल मी लिहितोय तो या दोघींनी मिळून केलेला. नात ईशाने एकदा दुकानातून फ्राइज मागवले होते, वर चीज आणि लाल सॉस घातलेले. अक्काने बोटाने सॉस चाखला आणि डबा बाजूला सारला. "हाई तं गोड पानी शे," ती म्हणाली. "बटाटा चांगला शे. त्याले अशी शिक्षा का?"

दुसऱ्या रविवारी तिने आपला सॉस केला. मिरच्या गरम पाण्यात भिजवल्या, लसूण सालीसकट तव्यावर भाजला, टोमॅटो विस्तवावर काळे होईपर्यंत फिरवले, त्यात भाजलेले दाणे आणि चिंचेचा कोळ. मिक्सर तिने लावू दिला नाही. भरीत ठेचायची खोलगट लाकडी बडगी घेतली आणि सगळं तिच्यात ठेचलं. बटाट्याचं काम वर्षाचं. लांब काप, थंड पाण्यातून दोनदा काढलेले, अर्धवट उकडून जुन्या सुती साडीवर कोरडे केलेले, आधी मध्यम आचेवर आणि गार झाल्यावर पुन्हा कडक तेलात तळलेले. ताटात आधी काप, त्यावर सॉस, किसलेलं चीज, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि शेवटी आपली शेवभाजीची जाड तिखट शेव. मी मोजून-मापून खाणारा माणूस. अर्धा किलो बटाट्याला तीन मोठे चमचे सॉस हे प्रमाण मीच काढून दिलं होतं. अक्का म्हणायची, "भाऊ, तू जेवस का तोलस?"

मग तिच्या गळ्याचं दुखणं निघालं. रेडिएशन झालं, गाठ आटोक्यात आली, पण जिभेची चव गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईल कदाचित. ती स्वयंपाकघरातून हलली नाही. हाताच्या अंदाजाने सॉस करत राहिली आणि तो बिघडत गेला. घरात कोणी बोलेना. नितीन पाणी पीत खायचा, ईशा सॉसाखालचे काप सोडून कडेचे उचलायची, वर्षा सगळं पुसून खायची. आमच्याकडे आजारी माणसाच्या हातच्या जेवणाला नाव ठेवत नाहीत. त्यात प्रेम असतं, पण माणूस एकटा पडतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

अक्काच्या मात्र लक्षात आलं होतं. तिने मला जळगावहून बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर वाटी पुढे केली. "ह्या बठ्ठा गोड बोलतस. तू सांग."

मी चाखलं. "मीठ फार आहे, अक्का. दुपटीच्या वर."

अक्काने वर्षाकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"होतं, आई."

"मंग?"

"तुम्हाला कसं सांगणार होते मी..."

अक्काने बडगी वर्षाकडे सरकवली नाही. ठेचणं स्वतःकडेच ठेवलं आणि चमचा तेवढा तिच्या हातात दिला. तेव्हापासून हात अक्काचे आणि जीभ वर्षाची. पण वर्षाचा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना. चाखून झालं की म्हणायची, "बरोबर वाटतंय, पण मामा आले की विचारू." अक्का चिडायची. "भाऊ रोज जळगावहून येणार शे का? तुले काय वाटस ते सांग." याच एका गोष्टीवरून ती शेवटच्या महिन्यांत सुनेवर रागावायची. आपल्यानंतर या घरात कोणी ठामपणे 'झालं' म्हणेल का, हीच काळजी तिला होती. माझ्याजवळ तिने ती बोलूनही दाखवली होती.

दुःखाच्या घरात आमच्याकडे कढई चढत नाही. माहेरच्या माणसाने येऊन तळण काढायचं, मग चूल मोकळी होते. तो मान माझा. अक्काचे दिवस झाल्यावर तेल घेऊन मी गेलो. अक्काच्या जाऊबाई ओट्याशी उभ्या होत्या. वर्षाने बटाटे उकडून ठेवलेले पाहून त्या म्हणाल्या, "पहिलं तळण बटाट्याचं? लोकं काय म्हणतील?" मी आधी एक पुरी तळून देवापुढे ठेवली. मग त्यांनीच काप कढईत सोडले आणि म्हणाल्या, "तिचं असंच होतं. आम्हाला कधी विचारलं नाही."

बडगी वर्षाने घेतली होती. ठोके अक्कासारखे नव्हते, थोडे घाईचे होते. सॉस झाल्यावर तिने चमचा भरला आणि सवयीने माझ्याकडे वळली. मी हात पुढे केला... ती मधेच थांबली. चमचा स्वतःच्या तोंडात घातला, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली, मग चिमूटभर मीठ टाकून ढवळलं.

"झालं," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच.

ईशाने ताटं मांडली. मला कोणी काही विचारलं नाही. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.