बांधावरची चौदावी खुंटी

"साहेब, बांध ठीक आहे. भाऊ बोललेत ना!"

तिसऱ्या दिवशीही गावकऱ्यांकडून हेच उत्तर मिळालं, तेव्हा मी वही मिटली.

ऐंशीच्या दशकात मी पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होतो. बोरिवलीच्या खाडीपलीकडे एक लहान गाव. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून तिथे खाडीकाठाने मातीचा बांध होता. दर शंभर फुटांवर खुंटी ठोकून मी त्याची उंची मोजली. दोन जागी बांध खचला होता. सातव्या खुंटीला नऊ इंच, चौदाव्या खुंटीला सात. सात इंच थोडे वाटतात, पण मोठ्या उधाणाला पुरतात. मग दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. चौदाव्या खुंटीलगत कमळाबाईचं शेत होतं. एकटी बाई, तेवढाच तुकडा.

माती गावानेच टाकायची होती. पण पाटलांच्या घरातले भाऊ बोलल्याशिवाय कोणी हलत नसे. शाळेला जागा त्यांची, भांडणं मिटायची त्यांच्या ओटीवर, पेरणीही आधी त्यांची.

मी ओटीवर गेलो. नऊ इंचांचा आकडा दाखवला.

"बांध ठीक आहे असं मी म्हटलं? कधी?"

"दोन वर्षं झाली, बाबा," मुलगा म्हणाला.

"अरे, मग मला परत विचारायचं ना!"

"तुम्हाला कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी भाऊ काठी टेकत आले. सातव्या खुंटीपाशी पहिलं घमेलं त्यांनी टाकलं. दुपारपर्यंत चाळीस माणसांनी ती जागा भरून काढली. भाऊंचा गुडघा सुजला, ते घरी गेले. मी चौदाव्या खुंटीचं सांगितलं. "उद्या, साहेब," सगळे म्हणाले.

उद्या कोणी आलं नाही. मी कमळाबाईला म्हटलं, "बाई, शेत तुमचं. तुम्ही तरी सुरुवात करा."

"भाऊंच्या आधी? काहीतरीच काय, साहेब!"

मला मुलुंडच्या साइटवर जायचं होतं. रिपोर्टात 'काम चालू' लिहिलं आणि निघालो. झोप मात्र नीट लागेना.

श्रावणातल्या उधाणात पाणी चौदाव्या खुंटीवरूनच आत आलं. मी पोचलो तेव्हा भाऊ कमळाबाईच्या शेतात घोटाभर पाण्यात उभे होते.

"या जागेचं मला का नाही सांगितलंत?"

मी गावाला सांगितलं होतं. त्यांना नाही.

तेव्हापासून नव्या साइटवर मोजणीचं मशीन लावण्याआधी, ज्याच्या शब्दाशिवाय गाव हलत नाही असा माणूस कोण ते मी शोधतो. आणि त्याला शेवटच्या खुंटीपर्यंत नेतो. लागलं तर खुर्चीत बसवून.