एकाच गाडीचा धूर

मेडशीच्या फाट्यावर एखादा जुना ड्रायव्हर भेटला की उकंडराव मिस्तरीचं नाव हमखास निघतं आणि लोक हळहळतात. काय भला माणूस होता म्हणे! हातात पैसे ठेवा असं कधी म्हणाला नाही, साऱ्या भागातल्या गाड्यांचा धूर बंद केला, लोकांची छाती वाचवली. मी गुमान ऐकून घेतो. उकंडराव माझे सख्खे भाऊजी, बेबीताईचे यजमान. त्या भलेपणात भलेपणा औषधालाही नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तो सूड होता. लोणच्यासारखा मुरवलेला सूड. आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

भाऊजी जात्याच गर्विष्ठ. अकोल्याच्या एका गॅरेजात काम शिकून आले आणि फाट्यावर चार पत्रे ठोकून बसले. गाडी दुरुस्त करतील ती करतील, पण त्याआधी आधीच्या मिस्तरीचा यथेच्छ उद्धार करतील. काम करताना मोठ्यानं गाणी म्हणायचे. आवाज असा की झाडावरचे कावळे उठून जायचे, पण कोणाची सांगायची हिंमत नव्हती.

त्र्याहत्तर साल संपता संपता पेट्रोल महागलं आणि जीपवाल्यांचं कंबरडं मोडलं. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोल्यातच होतो. मेडशी, किन्हीराजा, मालेगाव या रस्त्यांवर काही जीपा माणसं कोंबून चालायच्या. मी एसटीत कंडक्टर, माझे पॅसेंजर हेच लोक पळवायचे, त्यामुळे त्यांचं वाईट झालं तर मला आनंदच होता. कोणी पेट्रोलमध्ये घासलेट ओतू लागले. कोणी पेट्रोलचं इंजिनच काढून डिझेलचं बसवू लागले. मेडशीत पहिलं डिझेल इंजिन बसवून घेतलं ते इंद्रभाननं.

इंद्रभान म्हणजे गावातलं वजनदार माणूस. बोलणं गुळासारखं, धोतर परीटघडीचं. त्यानं भंगारातल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन आणलं आणि भाऊजींना म्हणाला, बसव. ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये सुखासुखी बसत नाही. भाऊजींनी पत्रा कापला, लोखंडी पट्ट्या घडवल्या, जोडणी स्वतःच्या डोक्यानं काढली आणि महिनाभर खपून ते इंजिन बसवलंच. जुनं पेट्रोलचं इंजिन इंद्रभाननं खामगावच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकलं. इंजिन बदलायची सरकारी परवानगी काढायची असते, ती मात्र त्यानं काढली नाही.

दर हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावाहून तपासणीचे साहेब मालेगावला यायचे. कापसाच्या जिनामागच्या मैदानात गाड्या रांगेनं लागायच्या. पासिंग झालं की गाडी आणखी वर्षभर फिरायला मोकळी. त्या वर्षी साहेबांनी इंद्रभानच्या जीपचं बॉनेट उघडलं, आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळेना. भाऊजी शेजारीच उभे होते, आपली कारागिरी साहेबांना दाखवायची म्हणून मुद्दाम गेले होते बिचारे.

"साहेब, मले काहीच मालूम नाई," इंद्रभान हात जोडून म्हणाला. "म्या गाडी दुरुस्तीले टाकली होती. या मिस्तऱ्यानं माहं इंजिन काढून इकून खाल्लं आन हे भंगार बसवून देलं." एवढं बोलून थांबला असता तर इंद्रभान कसला! त्यानं वळून भाऊजींच्या कानाखाली एक वाजवली.

सगळं मैदान बघत होतं. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतले भाऊजी तिथं एकटेच. ते सांगायचा प्रयत्न करत राहिले, पण एकानंही तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाले, पोलिसात तक्रार द्या. तेव्हा इंद्रभान म्हणाला, "जाऊ द्या साहेब, लेकराबायाचा मानूस हाये." साहेबांना इंद्रभानची दया आली आणि त्यांनी नवं इंजिन कागदावर चढवून दिलं. म्हणजे खोटंही पचलं, परवानगीही मिळाली आणि वर मोठ्या मनाचा म्हणून नाव झालं.

भाऊजींचं नाव पडलं इंजिनचोर. बाजारात पोरं मागून ओरडायची. ताई पाण्याला गेली की बाया एकमेकींना कोपर मारायच्या. गिऱ्हाईक तुटलं, आणि भाऊजींची गाणी बंद झाली. त्या भसाड्या आवाजाला मी किती हसलो होतो, पण तो बंद झाल्यावर मला त्यांच्याकडे जायला नको वाटायचं.

मी म्हटलं, "भाऊजी, त्याच्या टाकीत साखर टाकू. काम तमाम."

"गाडी मेली त लोकं तिच्यासाठी हळहळतीन," ते म्हणाले.

ताई चुलीपुढून म्हणाली, "बजारात साऱ्याइच्या मोरं त्याच्या थोबाडात ठेवून द्या एक, आन मोकये व्हा."

"मंग म्हनतीन, पाहा, चोराले राग आला." भाऊजी म्हणाले. "मले थापड नाई पायजे, बेबी. त्याच मैदानात, त्याच लोकाइच्या मोरं, त्यानं आपल्या तोंडानं सांगाव का इंजिन त्यानंच इकलं. बस. तेवढं झाल्याशिवाय मले सुखानं घास नाई उतरत."

तो ते कशासाठी सांगेल, हे मी विचारलं. तर त्यांचं गणित तयार होतं. मिस्तरी लोकांत एक रीत आहे. दुसऱ्यानं डोकं लावून केलेल्या जोडणीत कोणी हात घालत नाही. उद्या काही मोडलं तर आळ आपल्यावर यायचा. तेव्हा इंद्रभानची गाडी पासिंगला अडली की त्याला फिरून भाऊजींच्याच पत्र्याखाली यावं लागणार होतं. आणि ती अडणार धुरावर, कारण जास्त माणसं ओढायला इंद्रभाननं डिझेलचा पंप स्वतःच मोकळा सोडला होता आणि जीप वीटभट्टीसारखा धूर ओकत होती; तो पंप पुन्हा नेमका बांधणं त्याच्या हातचं नव्हतं.

पण पुढच्या वर्षी ती पास झाली. भाऊजी कुंपणाबाहेरून बघत होते. साहेबांनी सगळ्यांना गाड्या चालू करून रेस मारायला सांगितलं आणि पाच मिनिटांत मैदानात माणसाला माणूस दिसेना. साहेब खोकत खोकत म्हणाले, "सगळ्याच काळ्या. एकाला नापास केलं तर बाकीच्यांनी काय पुण्य केलं?" आणि सह्या करून निघून गेले. आणीबाणी लागली तेव्हा साहेबांचा आवाज थोडा चढला, पण धूर तेवढाच राहिला आणि इंद्रभानची जीप पुन्हा पास झाली.

मला वाटलं, भाऊजी आता खचणार. तर ते घरी आले तेच हसत. कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

"मले इंद्रभानची गाडी नापास कराची नाई," ते म्हणाले. "मले बाकीच्या साऱ्या पास कराच्या हायेत."

पहिला गाठला तो किन्हीराजाकडच्या तांड्यातला फुलसिंग. त्याची जीपही काळाकुट्ट धूर सोडायची. इंजिनचोराकडे गाडी द्यायला तो कचरत असावा असं आम्हाला वाटलं, पण भाऊजी म्हणाले, पैसे तुला जमतील तेव्हा दे. त्यांनी नोझल खोलले, पंप आपल्याच डोक्यानं बांधून दिला, फिल्टर धुतला, रिंगा बदलल्या. फुलसिंगच्या गाडीत मागं बसणारी म्हातारी माणसं न खोकता उतरायला लागली. मग एकेक करत सगळे आले. भाऊजी दिवसभर लोकांचे आशीर्वाद घ्यायचे आणि घरी येऊन इंद्रभानला शिव्या घालायचे. सुडाची एवढी मेहनत मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिली नाही. शत्रूच्या नाशासाठी माणूस रात्रंदिवस मित्रांची सेवा करतो आहे, असला उलटा कारभार!

ताईच्या घरात वरण पातळ होत गेलं. "दुनियेच्या गाड्याइचा धूर बंद करून राह्यले," ती मला म्हणायची, "आन माह्या चुलीत घालाले काडी नाई." पण त्यांना अडवलं मात्र तिनं कधी नाही. विहिरीवरचे ते कोपर ती विसरली नव्हती.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात मी खास रजा काढून मैदानात गेलो. साहेब तेच. "मारा रेस," म्हणाले. सगळ्या गाड्या गुरगुरल्या, आणि पलीकडची जिनाची भिंत लख्ख दिसत राहिली. साहेब चकित होऊन रांगेकडे बघतच राहिले. एवढ्यात रांगेच्या मध्यातून काळ्या धुराचा एक लोट उठला. एकच. इंद्रभाननं घाईनं पाय काढला, पण व्हायचं ते झालं होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, त्याचा कागद बाजूला काढला आणि महिन्याभरात धूर बंद करून आणा नाहीतर गाडी उभी, असं सुनावलं. मी तर आनंदानं कुंपणावर चढलो. भाऊजी हलले नाहीत.

इंद्रभान वाशीमला गेला, रिसोडला गेला, अकोल्याला गेला. जो तो मिस्तरी बॉनेट उघडायचा, ती जोडणी बघायचा आणि परत लावून म्हणायचा, ज्यानं बसवलं त्याच्याकडेच न्या. शेवटी एका सकाळी तो फाट्यावर आला.

"उकंडराव, झालं गेलं इसरा आता," गूळ तोच होता.

"इसरतो," भाऊजी म्हणाले. "मैदानात सांग, इंजिन कोनं इकलं ते."

"तुयी शप्पत, हजार खेपा सांगतो. हे पाय, म्याच इकलं."

"अथी नाई. मैदानात."

इंद्रभान तणतणत गेला. जीप घरापुढं उभी राहिली, कोंबड्या तिच्याखाली अंडी घालू लागल्या. महिना सरत आला तेव्हा त्याचा निरोप आला, कबूल आहे.

ठरल्या दिवशी साहेब उरलेल्या गाड्या तपासायला आले. इंद्रभान कबुली देणार ही बातमी लागली होती, त्यामुळे काम नसलेले ड्रायव्हरही गोळा झाले. भाऊजींनी ताईला जयंतीला नेसायचं पांढरं लुगडं नेसवून सोबत आणलं होतं. इंद्रभान पुढं आला. मान खाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. भाऊजींनी तशी अटच घातली होती.

"ते इंजिन म्याच इकलं होतं. उकंडरावचा काई गुन्हा नव्हता. म्या खोटा बोललो."

भाऊजी छाती काढून उभे होते. त्यांनी लोकांकडे पाहिलं. कोणाचं तरी तोंड उघडं पडेल, कोणी तरी अरेरे म्हणेल, कोणाची तरी नजर खाली जाईल, याची वाट ते इतकी वर्षं बघत होते. कोणाला काहीच झालं नाही. साहेबांनी इंद्रभानला आणखी आठवडाभराची मुदत दिली आणि पुढची गाडी बोलावली. फुलसिंग तळहातावर तंबाखू मळत होता.

"हे काय नवीन सांगून राह्यला?" तो हसून म्हणाला. "आमाले त तवाच मालूम होतं."

"कोनाले?" भाऊजींनी विचारलं.

"साऱ्याइलेच. खामगावले ते इंजिन पोचवलं ते माह्याच गाडीत."

"मंग तवा बोलले काहून नाई?"

"कायले बोलाचं, भाऊ?" फुलसिंग अगदी प्रेमानं म्हणाला. "रोज त्याच रस्त्यानं चालाचं. आन तू बी मनात काई ठेवलं नाई. साऱ्याइच्या गाड्या करून देल्या. लय मोठं मन तुहं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणी भाऊजींच्या खांद्यावर हातही ठेवला. मला त्या वेळी इंद्रभानपेक्षा या लोकांची चीड आली. त्यानं निदान खोटं बोलायचे कष्ट तरी घेतले होते. ताईनं पदर तोंडाला लावला आणि ती सरळ रस्त्याकडे चालायला लागली.

भाऊजी शब्दाला जागले. दोन दिवस खपून त्यांनी इंद्रभानची जीप अशी केली की मागं पांढरं फडकं धरलं तरी डाग पडू नये. मग फाट्यावरचे पत्रे उतरवले, बैलगाडीत घातले आणि वस्तीत नेले. पुढं ते विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला लागले. त्या इंजिनांना पासिंग नसतं.

वर्ष गेलं. खचाखच भरलेल्या गाड्यांचे नोझल पुन्हा तुंबले, पंप ढिले झाले. हिवाळ्यात मैदान पहिल्यासारखं काळं झालं. पण साहेब आता पहिल्यासारखे राहिले नव्हते. त्यांनी एकदा स्वच्छ मैदान बघितलं होतं. त्यांनी एका गाडीच्या कागदावर सही केली, सगळ्यात शेवटी दुरुस्त झालेल्या इंद्रभानच्या, आणि बाकी सगळी रांग नापास केली. सगळे गावोगावच्या मिस्तऱ्यांकडे धावले. त्यांनी भाऊजींच्या हातचं काम ओळखलं आणि हात वर केले.

मी त्या दिवशी ताईकडे होतो. फुलसिंग आला तेव्हा भाऊजी अंगणात बाजेवर बसून पाय धूत होते. त्याच्या मागं आणखी चार-पाच ड्रायव्हर उभे.

"मिस्तरी, गाडी अडली. पोरंबाळं उपाशी मरतीन. काय बिघडलं ते तरी सांग."

"काय बिघडलं ते मले मालूम हाये," भाऊजी म्हणाले. "पह्यल्या दिवसापासून मालूम हाये."

"मंग बोल ना, भाऊ!"

भाऊजींनी पाय पुसले आणि फुलसिंगकडे बघून अगदी त्याच्यासारखंच प्रेमानं हसले.

"कायले बोलाचं?"