उजेडाची बांगडी

गेल्या मंगळवारी आमच्या ह्यांचं हृदय मी डोळ्यांनी पाहिलं... काचेपलीकडच्या स्क्रीनवर. अजूनही जप करताना डोळे मिटले की तेच समोर येतं.

जिना चढताना ह्यांच्या छातीत भरून यायचं, म्हणून डॉक्टरांनी हार्ट स्कॅन सांगितला होता. गार्डन रीचहून दोन बस बदलून न्यू टाउनच्या हॉस्पिटलात पोचलो. आत सगळं थंडगार, शांत... देऊळ बंद व्हायच्या वेळी असतं तसं.

ह्या स्कॅनला दोन औषधं टोचतात. एक हृदय निवांत असताना, दुसरं सरकत्या पट्ट्यावर चालून दमल्यावर. दोन्हींचा उजेड वेगळा असतो म्हणे, आणि एकाचा दुसऱ्यात मिसळला की फोटो गढूळ येतो. मशीन ते दोन्ही उजेड निवडून वेगळे करतं, असं तिथल्या बंगाली टेक्निशियन मुलीने हिंदीत सांगितलं. मला आपलं सुपात तांदूळ निवडणं आठवलं...

दुसरं इंजेक्शन झाल्यावर ती मावशी म्हणावं तशी हाक मारत म्हणाली, "मासिमा, आता ह्यांना काहीतरी तुपकट खायला घाला," आणि घाईत निघून गेली.

तुपकट? हृदयाच्या पेशंटला? दोन वर्षं ह्यांच्या ताटात तुपाचा थेंब नाही, घरातलं तेल मी चमच्याने मोजून घालते. पोरगी गडबडीत उलटं बोलली असणार, असं धरून मी डबा काढला. कोरडे फुलके आणि उकडलेला दुधी.

औषधातून किरण निघतात, म्हणून टोचल्यावर जवळ बसायचं नसतं. डबा देऊन मी समोरच्या भिंतीशी बसले, तर हे तिकडून म्हणतात कसे, "अगं, हॉस्पिटलवाल्यांनी सांगूनही तूप नाही! आता काय यमाची चिठ्ठी आणू?" मी डोळे वटारले. मुकाट्याने खाल्लं बिचाऱ्यांनी.

फोटो झाला आणि मुलीने मला काचेपाशी बोलावलं. काळ्या पडद्यावर केशरी उजेडाची एक बांगडी तरंगत होती... आमच्या ह्यांचं हृदय! पण खालच्या बाजूला ती विरून गेली होती. तिथे नुसता भगभगीत ढग. डॉक्टर म्हणाले, "हा भाग नीट कळत नाही. असंच राहिलं तर अँजिओग्राफी करून बघावी लागेल."

आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी तोही शब्द मनात येऊ दिला नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या मात्र घट्ट धरून उभी राहिले.

मुलीने विचारलं, "काय खाल्लं ह्यांनी?" मी डबा दाखवला. तिने कपाळावर हात मारला. "ए की, मासिमा, हे काय! तो ढग लिव्हरचा आहे. औषध तिथेही साठतं. पोटात तूप-तेल गेलं की ते औषध खाली सरकतं, मग हृदय मोकळं दिसतं. जा, लुची आणा!"

गेटबाहेरच्या दुकानातून गरम लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि ग्लासभर सायीचं दूध आणलं. बाहेरचं खाणं आमच्याकडे नाहीच, पण त्या दिवशी मीच म्हणाले, "अजून एक घ्या." हे डोळे मिटून एकेक घास चावत होते, आणि मी लांबून बघत होते... आत दिवा लावलेल्या माणसाकडे बघावं तसं.

तासाभराने पुन्हा फोटो काढला. मी आधी देवाचं नाव घेतलं, मग काचेतून पाहिलं. ढग खाली उतरला होता. आणि वर बांगडी... सगळीकडून सारखी, अखंड. डॉक्टर म्हणाले, आत्ता अँजिओग्राफी नको, गोळ्या चालू ठेवा.

दोन औषधांचा उजेड मशीनने बरोबर वेगळा केला होता. मधे आला तो माझा दोन वर्षांचा पथ्याचा हट्ट. ती मुलगी माझ्यावर रागावली नसती तर...? देव तिचं भलं करो.

परतताना बसमध्ये ह्यांना झोप लागली, मान माझ्या खांद्यावर. इतकी वर्षं ह्या माणसाचं बोलणं, घोरणं, कुरकुरणं ऐकलं... आतला उजेड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो हलू नये म्हणून मी घर येईपर्यंत खांदा हलवला नाही.