फाटक्या कानाची मेंढी

म्हाळसाबाईचा नवरा त्रिंबक दोन बगलांत दोन एडके धरून सहज चालतो. खुलताबादच्या डोंगराखालच्या त्यांच्या वाडीत हे सगळ्यांनी पाहिलंय. तरीही वाडीत त्याला म्हणतात गरीब गाय. लग्नाला तीस वर्षं झाली, पण या दोन गोष्टींचा मेळ काही म्हाळसाबाईला घालता आला नव्हता.

उन्हाळा लागला की नवरा-बायको सव्वाशे मेंढरं घेऊन, शहर ओलांडून चितेगावकडे उतरतात. लेंडीखत मिळतं म्हणून तिकडचे शेतकरी त्यांचा कळप आपल्या रानात बसवून घेतात. वाटेत बायपासवर ट्रकवाले हॉर्न दाबून दाबून शिव्या घालतात, आणि हा बाबा काठी काखेत धरून त्यांना हात जोडतो! म्हाळसाबाईच्या अंगाचा तिळपापड होतो.

"अवो, रस्ता काय त्येंच्या बापाचा हाय?"

"त्येला घाई आसंल," त्रिंबक म्हणतो.

लोकर कातरायच्या दिवसांत मात्र दुसऱ्या कळपांचे धनीही त्यालाच बोलावतात. बिथरलेला एडका गुडघ्यांत धरून हा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो आणि जनावर निमूट पडून राहतं. इतकी धारदार कातर अंगभर फिरते, पण रक्ताचा ठिपका दिसत नाही. म्हाळसाबाईला ते बघायला फार आवडतं. पण ते मेंढरांपुरतं. माणसांत असं वागून कसं चालेल, असं तिचं ठाम मत होतं.

गेल्या वैशाखात चितेगावजवळच्या तलावावर दुपारच्या पाण्याला दोन कळप एकमेकांत मिसळले. दुसरा कळप कडुबाचा होता. त्याचा तळ तिथून दोन हाकांच्या अंतरावर. कडुबाची लेक सुकेशनी लग्नाची झाली होती आणि मुलाचे वडील खंडेराव बोलणी पक्की करायला नेमके त्याच दिवशी आले होते. कडुबा त्यांना मोठ्या ऐटीत आपली मेंढरं दाखवत होता.

कळप मिसळला तर धनगर घाबरत नाही. प्रत्येक घरची खूण मेंढीच्या कानावर कापलेली असते. त्रिंबकच्या घरची खूण म्हणजे उजव्या कानाच्या टोकाला खाच, कडुबाची म्हणजे उजव्याच कानाला उभी चीर. पण त्रिंबकची कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदणी नावाची काळी मेंढी महिन्यापूर्वी एका काटेरी तारेत अडकली होती. कान खाचेपासूनच उभा फाटला होता. त्रिंबकनं हळद भरली, जखम सुकली, पण लांबून बघणाऱ्याला खाचेची चीर झालेली दिसायची. आणि महिन्यापूर्वीच कडुबाची अशीच एक काळी, ठिपक्याची मेंढी हरवली होती.

"ही बघा माझी मेंढी!" कडुबा ओरडला. "महिनाभर रान धुंडतोय, अन् ही तुझ्या कळपात! चोरटा हायेस तू त्रिंबक, चोरटा!"

तलावावर सात-आठ माणसं होती. सगळी थबकली. म्हाळसाबाई पदर खोचून पुढं झाली.

"चोर कुनाला म्हनतो रे? तिचं कोकरू आमच्या तळावर जाळीत हाय. आत्ता आनते अन् सोडते. कुनाकडं पळतं ते समदे बघा!"

कोकरू आई चुकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निकाल जागेवर लागला असता. पण त्रिंबकनं तिचं मनगट धरलं. त्यानं एकदा खंडेरावांकडे पाहिलं, मग कडुबाकडे.

"तुझी म्हनतोस तर ने बाबा," तो म्हणाला.

म्हाळसाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती तरातरा तळाकडे निघाली. संध्याकाळी तळावर कोकरं आयांकडे सोडली, तर चांदणीचं कोकरू या मेंढीपासून त्या मेंढीकडे ओरडत फिरू लागलं. प्रत्येकीनं त्याला लाथेनं झिडकारलं. तेव्हा मात्र तिचा बांध फुटला.

"तुमच्या अंगात रगत हाय का पानी? उद्या समदा मुलूख आपल्याला चोर म्हनंल!"

त्रिंबक बाटलीनं शेळीचं दूध कोकराला पाजायला बघत होता. ते तोंड फिरवत होतं. "रोज भंडारा लावून देवाला म्हनतो, मी तुजा," तो म्हणाला. "मंग माजं नाव राखायचं काम त्येचं. माजं काम मेंढरं राखायचं."

उजाडताच त्यानं कोकरू घोंगडीत गुंडाळलं आणि कडुबाच्या तळाकडे निघाला. म्हाळसाबाईही निघाली. नवरा बोलणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून काय काय बोलायचं ते ती वाटेत घोकत होती.

खंडेराव मुक्कामाला राहिले होते, खाटेवर बसून चहा पीत होते. त्रिंबकनं कडुबाला बाभळीआड बोलावलं आणि कोकरू खाली सोडलं. ते पन्नास मेंढ्यांमधून सरळ चांदणीकडे गेलं, पुढचे गुडघे टेकून लुचू लागलं. चांदणीनं त्याला हुंगलं आणि ती शांत उभी राहिली.

"रातभर उपाशी हाय," त्रिंबक हळूच म्हणाला. "आईपाशी ऱ्हाऊ दे." आणि तो परत फिरला.

कडुबानं जाऊन मेंढीचा कान हातात घेतला. फाटलेल्या जागी जुनी हळद होती. त्याचा चेहरा उतरला.

"दादा, काल का नाय बोललास?"

"काल तुज्या पोरीचं जमत व्हतं. पाव्हण्यांदेखत तिच्या बापाला खोटं पाडायचं व्हय?"

म्हाळसाबाईनं वाटभर घोकलेलं सगळं जागच्या जागी विरून गेलं. कडुबा सरळ खाटेपाशी गेला.

"पाव्हणं, काल या मानसाला म्या चोर म्हनलं. मेंढी त्येचीच हाय. चूक माजी."

खंडेरावांनी कप खाली ठेवला. ते उठले आणि त्यांनी आधी त्रिंबकला हात जोडले. मग कडुबाला म्हणाले, "सोयरीक पक्की. येवढं कबूल करनाऱ्या घरची पोर कुठं मिळायची?"

परतताना चांदणी मागं, कोकरू तिच्या पायात. आजवर म्हाळसाबाई नवऱ्याच्या दहा पावलं पुढं चालायची, रस्ता मोकळा करायला. आज ती बरोबरीनं चालत होती. तिला त्याचा अभिमान वाटत होता आणि तीस वर्षांची लाजही वाटत होती.

"एक इचारू?" ती म्हणाली. "चोर म्हनला तवा राग नाय आला?"

"लई आला व्हता. काठी उचलत व्हतो मी."

"मंग?"

"मंग काय. मेंढरांसंगं रागबी हाकीत तळावर आनला."